निर्णय माझा होता

साळवे पाळक गेल्याचा फोन आला तेव्हा मी टँकरवाल्याशी भांडत होते. चैत्र लागला की आमच्या निवाऱ्यात पाण्याची ओढाताण सुरू होते आणि हा गृहस्थ सलग दुसऱ्या दिवशी अर्धा टँकर ओतून पूर्ण टँकरची सही मागत होता. मोबाइल वाजत होता, त्यावर मार्थावहिनींचं नाव दिसत होतं आणि मी तो दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला. "ताई, साहेब गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी टँकरवाल्याच्या कागदावर मुकाट्याने सही करून टाकली आणि तिथेच हौदाच्या कठड्यावर बसले. त्यानंतर मात्र मला नीट बसवतच नाही. कार्यालयात खुर्चीवर टेकते, उठते, व्हरांड्यात जाऊन येते, परत टेकते. हे लिहायला घेतल्यापासूनही दोन वेळा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. गॅस बंदच होता.

तशी आमची शेवटची भेट त्याच्या चारच दिवस आधी झाली होती. ते जालन्यातल्या एका दवाखान्यात होते, पाय सुजलेले, मूत्रपिंडांनी काम सोडलेलं. मी त्यांना एक गोष्ट सांगायला गेले होते. रिक्षात बसून वाक्यंसुद्धा जुळवली होती. आणि तिथे गेल्यावर मी काय बोलले? तर नवीन आलेल्या स्वयंपाकीणबाईंची भाजी तिखट होते, पुरुषांच्या खोलीतला पंखा दुरुस्त झाला, सखूआजी तुमची आठवण काढते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तुम्ही दुसरंच काही तरी बोलायला आल्त्या." मी म्हटलं, छे, सहजच आले होते. ते हसले आणि त्यांनी डोळे मिटले... मी पिशवीतली मोसंबी स्टुलावर ठेवून निघाले. मूत्रपिंडाच्या रोग्याला मोसंबी चालत नाही, हे मला खालच्या पायरीवर आठवलं.

आता थोडं मागून सांगते. आमची संस्था ख्रिस्ती आहे, मी नाही. माहेर वडीगोद्रीचं, घरी शेती, सासर इथलंच, जालन्यातल्या मस्तगडचं. मुलं मोठी झाल्यावर नोकरी शोधत होते, संस्थेच्या निवाऱ्यात अधीक्षिकेची जागा निघाली, मिळाली. निवारा म्हणजे ज्यांना कोणी नाही किंवा ज्यांचं कोणी सापडत नाही अशा चाळीसेक म्हाताऱ्या माणसांचं घर. पोलीस आणून सोडतात, कधी बसस्थानकावरचा चहावाला फोन करतो. मी रुजू झाले तेव्हा साळवे पाळक तिथे आधीपासून होते. संस्थेच्या कागदावर त्यांचं पद 'पाळक' असं होतं आणि 'कामाचं स्वरूप' या रकान्यात कुणी तरी 'इतर' असं लिहून ठेवलं होतं. ते इतर म्हणजे काय, हे कळायला मला वर्ष लागलं. रविवारी मंडळीपुढे उपासना चालवणं आणि कुणी गेलं तर अंत्यविधी, एवढं मला माहीत होतं. बाकीचे सहा दिवस हा माणूस म्हाताऱ्यांची नखं काढत बसायचा.

खरंच सांगते, नखं. गरम पाण्याचं घमेलं, त्यात म्हाताऱ्याचे पाय, मांडीवर जुना टॉवेल आणि हातात मोठं नेलकटर. म्हातारपणी पायाची नखं लाकडासारखी होतात, वाकडी वाढतात, मांसात घुसतात. ती काढायला आमच्या आयाबाया नाखूष असत. साळवे मात्र एका माणसामागे पाऊण तास घालवायचे. मला वाटायचं, वेळकाढूपणा आहे. एकदा तसं बोललेही. ते म्हणाले, "पाय दुसऱ्याच्या हातात असला की माणूस खोटं बोलत न्हाई, ताई." नखं झाली की विचारायचे, "प्रार्थना म्हणू का?" समोरचा नको म्हणाला तर "बरं" म्हणून घमेलं उचलायचे. आमच्या सखूआजीने त्यांना कधीच प्रार्थना म्हणू दिली नाही, पण गुडघा दुखायला लागला की तीच म्हणायची, तुमच्या देवाला जरा सांगून ठेवा. सगळे त्यांना 'फादर' म्हणायचे. ते फादर नव्हते, त्यांच्या पंथात तो शब्दच नाही आणि घरी चांगल्या मार्थावहिनी होत्या. पण त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. ते संत होते असं मात्र मी लिहिणार नाही. मधुमेह असून चोरून पेढे खायचे, कुठलाही अर्ज वेळेवर भरायचे नाहीत, स्कूटर इतकी सावकाश चालवायचे की मागून येणारा बैलगाडीवाला हाका मारायचा. आणि गाताना सूर असा सोडायचे की सखूआजी कानावर पदर ओढून घ्यायची.

राजूरमामा आमच्याकडे आले ते पोलिसांच्या गाडीतून. जालन्याच्या बसस्थानकावर पडले होते, तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, खिशात काही नाही. वाचा गेली होती. दोनच शब्द निघायचे, एक 'हां' आणि दुसरा 'राजूर'. म्हणून ते राजूरमामा. साळवे मोबाइलमध्ये त्यांचा फोटो घेऊन राजूरला जाऊन आले. पण चतुर्थीला गणपतीपुढे एवढी गर्दी उसळते की तिथल्या दुकानदारांना एक म्हातारा कसा आठवावा? आठ महिने मामा आमच्याकडे राहिले. दुपारी लिंबाखाली बसायचे, डाव्या हाताने घोंगडीची टोकं सारखी करायचे. त्या काळात आमच्या इथली एक ख्रिस्ती आजी वारली. तिचं दफन होतं, आणि कसं कोण जाणे, मामा हट्टाने गाडीत चढून बसले. दफनभूमीत ते काठी टाकून खाली बसले आणि खड्ड्याशेजारच्या जमिनीवर तळवा दाबून 'हां, हां' म्हणत राहिले. मी म्हटलं, बिचारा घाबरला. साळवे मात्र परत येताना गाडीत मामांकडेच बघत होते.

मामा गेले वैशाखात, भल्या सकाळी. पोलिसांची कागदपत्रं झाली, दुपारपर्यंत देह आमच्या ताब्यात आला. मला घाई होती. ऊन असं की व्हरांड्यातली फरशी पायाला चटके देत होती, आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेचे विश्वस्त येणार होते. साळवे माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. ते उभेच राहिले, बसले नाहीत.

"एक दिवस थांबू, ताई. मी आत्ता निघतो. राजूरच्या आसपासच्या वाड्यांवर विचारून येतो. आन जाळायचं का पुरायचं, तेही कळंल. त्यांनी त्या दिशी जमिनीला हात लावल्ता, आठवतं का?"

मी भडकले. आजही मला माझा तो आवाज ऐकू येतो. मी म्हटलं, यात विचारायचं काय आहे, हिंदू माणूस आहे, अग्नी द्यायचा. मी स्वतः हिंदू आहे, मला तुम्ही शिकवणार का? मग मनातलं खरं भय बाहेर आलं. वडीगोद्रीला गेले की भाऊबंद चिडवायचे, तुमच्या संस्थेत मेलेल्यालाही बाटवतात म्हणे. मी साळव्यांना म्हटलं, "तुम्ही पाळक. तुमच्या हातून हा माणूस पुरला गेला, तर उद्या गावोगाव काय बोलतील? संस्था बंद पाडायची आहे का तुम्हाला?"

त्यांचा चेहरा उतरला. हा घाव मी बरोबर मर्मावर घातला होता, कारण दुसऱ्याच्या धर्माला आपला धक्का लागू नये याला हा माणूस सगळ्यात जास्त जपायचा. ते म्हणाले, "बरं." संध्याकाळच्या आत मामांना अग्नी दिला. भटजी मीच बोलावले. साळवे लांब, बाभळीपाशी उभे राहिले, हात जोडून, तोंडाने काही न म्हणता. तिसऱ्या दिवशी मी शहागडला गोदावरीत राख सोडली. माहेर जवळ, म्हणून येताना आईलाही भेटून आले. किती नीटनेटकं काम झालं असं वाटलं मला.

साळवे गप्प बसले नाहीत. सुट्टीच्या दिवशी, कुणाला न सांगता, ते त्या सावकाश स्कूटरवर राजूरच्या बाजूच्या वाड्या फिरत राहिले. माणूस गेला होता, राख पाण्यात गेली होती, आता शोधून काय मिळणार होतं? पण ते फिरले, आणि सव्वा महिन्याने एका वाडीत मामांची सून सापडली. चंद्रकला तिचं नाव. पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता थोडी शेतीही आहे. सासरा चतुर्थीला राजूरला म्हणून गेला तो आलाच नाही. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, तरी तिने एकटीने शोध शोध शोधलं होतं. तिने राजूरच्या आसपासच शोधलं, आणि मामा पडले होते जालन्यात. ती दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला घेऊन आमच्या कार्यालयात आली.

ती रडली नाही. तिने एकच विचारलं, कुठं पुरलं? मग तिला सांगावं लागलं. तेव्हा कळलं की त्यांच्या भावकीत जाळत नाहीत. स्वतःच्या रानात पुरतात, वर दगड मांडतात, वर्षाला तिथे निवद दाखवतात. मामांच्या बायकोचा दगड होता आणि त्याच्या शेजारची जागा मामांनी स्वतः मोजून, दगडगोटे वेचून ठेवली होती. तिथे आता ठेवायला काहीच नव्हतं... मूठभर राखसुद्धा. तिचा नवरा उठून उभा राहिला आणि ओरडला, "कोन म्हनलं व्हतं जाळायला? कुनाला इचारलं तुम्ही?"

मी टेबलावरचे कागद सारखे करत होते. ते सारखेच होते. आणि साळवे म्हणाले, "निर्णय माझा होता."

माझ्याकडे न बघता म्हणाले. त्या माणसाने त्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी ऐकत बसले. मध्ये एकदा तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं, पण मग वाटलं, आता बोलून काय उपयोग, आणखी गोंधळ होईल. अशा वेळी माणसाला किती समंजस कारणं सुचतात! ते दोघे गेल्यावर मी साळव्यांवरच चिडले. मला न विचारता माझं ओझं उचलायचा तुम्हाला काय अधिकार? ते म्हणाले, "मला न्हाई म्हनता आलं असतं, ताई. मी बरं म्हनलो." बस, एवढंच. चार वर्षांत त्या विषयावर पुन्हा एक शब्द नाही. चांगली माणसं फार छळतात. दुसऱ्या कुणी टोमणा तरी मारला असता, मीही उलट बोलले असते आणि फिटलं असतं. यांनी दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मार्थावहिनींच्या हातचे धपाटे आणले.

त्यानंतर त्यांना एक नवी खोड लागली. निवाऱ्यात आलेल्या प्रत्येकाला ते विचारायचे, तुमच्यात काय करतात, आणि तुम्हाला स्वतःला काय हवं? अग्नी की माती, कुणाच्या हातून, कुठे, तोंडात काय घालायचं, कुणाला कळवायचं. सगळं टिपून ठेवायचे. मी विरोध केला. म्हटलं, आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी मरणाचं विचारता, लोक पळून जातील. "पहिल्या दिवशी न्हाई," ते म्हणाले, "नखं काढताना." आणि मला वाटलं होतं तसं झालं नाही. म्हातारी माणसं उलट खुलली. सखूआजीने तर तीन वेळा बेत बदलला. आधी नऊवारी हिरवी, मग म्हणाली हिरवी आता शोभत नाही, मग पुन्हा हिरवीच. एक आजोबा म्हणाले, काहीही करा पण माझ्या पुतण्याला बोलावू नका. तिथल्या गप्पांचा आवाज माझ्या कार्यालयात यायचा आणि मी उठून दार लावून घ्यायचे.

साळव्यांना मात्र असं कुणी विचारायची गरज पडली नाही. त्यांचे सगळे विधी त्यांच्या मंडळीने यथासांग केले. दफनभूमीत गर्दी मावत नव्हती. आमचे म्हातारे दोन गाड्या भरून आले होते. सखूआजी खुर्चीत बसून त्यांच्यासाठी ते बेसूर गाणं स्वतः म्हणायचा प्रयत्न करत होती. आणि मागे, भिंतीपाशी, एक बाई डोक्यावरून पदर घेऊन उभी होती. मी ओळखलं. चंद्रकला. मी पुढे होऊन विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ती म्हणाली, चार वर्षांपासून येत होते ना ते आमच्याकडं, मामाजी गेले त्या तारखेला, दर वैशाखात. फोन नंबर होता. "पुढच्या महिन्यात यायचे व्हते," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसत गर्दीत निघून गेली.

दर वैशाखात. मला आठवतही नव्हतं की ते त्या दिवशी कामावर नसत. तेव्हापासून माझ्या हातून एक काम धड होत नाही. भाजी करपते, सह्या चुकतात, रात्री घरचे विचारतात काय शोधतेस, तर काहीच शोधत नसते. मार्थावहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. पण हे मला सांगून काय होणार, ताई?"

म्हणून गेल्या आठवड्यात, मामा गेले त्याच तारखेला, मी गेले. राजूरपर्यंत एस.टी., पुढे काळीपिवळी जीप, शेवटचा दीड कोस पायी. चंद्रकला अंगणात तूर पाखडत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं, पण तिने सूप खाली ठेवलं नाही. मी उभ्याउभ्याच बोलले. थांबले असते तर पुन्हा मोसंबीवर गेले असते. सांगितलं की निर्णय माझा होता. फादरना थांबायचं होतं, इकडे येऊन विचारायचं होतं, मामांनी जमिनीला हात लावला तेही त्यांनीच ओळखलं होतं. मी थांबू दिलं नाही. मला लोकांच्या बोलण्याची भीती वाटली. आणि तुम्ही आलात त्या दिवशी मी गप्प बसले.

सूप थांबलं. तिने बराच वेळ तुरीतला एक खडा बोटाने बाजूला सारला, पुन्हा सारला.

"त्यांनी कधी तुमचं नाव घेतलं न्हाई," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"पहिल्या वर्षी म्या त्यांना पानी इचारलं न्हाई. दुपारभर त्या बांधावर उभे ऱ्हायले अन् गेले. दुसऱ्या वर्षी आमच्या मालकांनी त्यांना आईवरून शिव्या घातल्या, पोरांसमोर. तेव्हाबी खाली मान घालून उभे. तिसऱ्या वर्षी म्या भाकर वाढली." ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या आवाजात राग होता, तो चार वर्षांचा जुना नव्हता, आत्ताचा होता. "मामाजीचं झालं ते झालं, बाई. पन त्या शिव्या तुमच्या व्हत्या."

मी म्हटलं, हो.

मग ती उठली आणि पुढे चालू लागली. मी मागे गेले. रानाच्या कडेला दगड आहेत, शेंदूर लावलेले, आणि सासूच्या दगडाशेजारी एक रिकामा तुकडा, गवत उपटून साफ ठेवलेला. तिने निवद ठेवला. मला काय म्हणायचं ते कळेना. मला प्रार्थना येत नाहीत, आणि आमच्यातलं जे काही येतं ते तिथे तोंडातून निघेना. मी वाकून जमिनीला हात लावला. जमीन तापलेली होती, तरी लगेच हात उचलवला नाही.

परत अंगणात आल्यावर मी पिशवी उचलली आणि विचारलं, पुढच्या वर्षी येऊ का?

ती पुन्हा पाखडायला बसली होती. "त्यांची चार वर्षं त्यांच्यासंगं गेली," ती म्हणाली. "तुमचं हे पहिलं."

तिने मला पाणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही, आणि दीड कोस उन्हात चालत रस्त्यावर आले.